गवतावरची मॅच

त्या कॉलेजला मैदान नव्हतं. शारजात भाड्याचे तीन व्हिला घेऊन, मधल्या भिंती पाडून कॉलेज सुरू केलेलं. एका व्हिलाच्या हॉलमध्ये अकाउंट्सचा वर्ग, गॅरेजमध्ये कॅन्टीन, आणि खेळायला म्हणाल तर मागच्या अंगणात एक कॅरम. नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या वर्षी पोरांनी पहिल्यांदाच फुटबॉलची टीम काढली आणि त्यांचा कॅप्टन गोलपोस्टसाठी पाइप विचारत माझ्या दुकानात आला.

माझं दुकान इंडस्ट्रियल एरियात. नट-बोल्ट, वेल्डिंग रॉड, पाइप, जे लागेल ते. दुसऱ्याच्या दुकानात झाडू मारायला म्हणून आलो होतो, पुढे स्वतःचं शटर टाकलं. बोर्डावर नाव अरबाबाचं, म्हणजे इथल्या अरबी मालकाचं, आत घाम माझा. गिऱ्हाईक दारातून आत येतानाच त्याच्या चालीवरून मला कळायचं की हा घेणार, की नुसता भाव काढून जाणार. हा कॅप्टन भाव काढायला आला होता.

"अंकल, व्हॉट्स युवर बेस्ट प्राइस?"

"आधी सांग कशाला पाहिजे."

"गोलपोस्ट्स."

"मैदान कुठाय?"

"वी आर लुकिंग."

"म्हणजे लग्नाचा पत्ता नाही आणि पाळणा आधी?"

तो हसला. पुण्याकडचं कुटुंब, वडील दुबईत मोठ्या हुद्द्यावर. त्याला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीतूनच. उंच, गोरा, केस सारखे मागे सारणारा. मला तो आवडला, हे लपवण्यात अर्थ नाही. पाइप पुढे मी पैसे न घेता देऊन टाकले.

आवडला त्याचं कारण फुटबॉल. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे तालमीत पोरं कुस्तीबरोबर फुटबॉलवर वाढतात. प्रत्येक पेठेची टीम, आणि टीम हरली की त्या रात्री पेठेत कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. विशीपर्यंत मी हाफबॅक होतो. मग पोट आडवं आलं, पासपोर्ट काढला, आणि पायातले बूट धाकट्या भावाला दिले. इतक्या वर्षांत दुकानात कुणी गोलपोस्ट मागितला नव्हता.

पाइप वेल्डिंग करायचे म्हणून मी त्याला हमरियाला घेऊन गेलो. तिथल्या फ्री झोनमध्ये एका फॅब्रिकेशन यार्डला मी रॉड पुरवायचो. यार्डाच्या मागे समुद्रापर्यंत सपाट वाळू. दर जुम्म्याला, सुट्टीच्या दिवशी, दुपार कलली की यार्डातले लोक तिथे फुटबॉल खेळायचे. बहुतेक कोकणातले, सावंतवाडी, वेंगुर्ला, कुडाळकडचे. कोण वेल्डर, कोण रिगर, कोण पेंटर. सगळे एकेकटे, कॅम्पात राहणारे. काहींच्या पायात कॅनव्हासचे बूट, बाकीचे अनवाणी. त्यांचा म्होरक्या तिथला फोरमन. आडवा बांधा, डाव्या पायाचा. व्यवहारात मला "शेटानू" म्हणायचा, पण कोल्हापूरचा म्हणून वाळूवर "पैलवानानू".

गोलपोस्ट त्यांनी एका जेवणाच्या सुट्टीत जोडून दिले आणि तिथेच, वाळूत रोवले. "मैदान शोधतास कित्याक?" फोरमन कॅप्टनला म्हणाला. "ह्या काय आसा?"

पुढच्या जुम्म्याला कॉलेजची टीम आली. नवे बूट, नव्या पिशव्या, एकाने कपाळाला पट्टी बांधलेली. यार्डवाल्यांनी त्यांना सात गोलांनी हाणलं. वाळूत बॉल घरंगळत नाही. उचलून द्यावा लागतो. आमची पोरं धावून धावून गुडघ्यापर्यंत रुतली. फोरमन मधूनच ओरडायचा, "अरे झिला, बॉल म्हणजे काय अंडा आसा? फुटाचा नाय, मार मेल्या!" पोरांना शब्द कळत नव्हते, पण आपली चेष्टा चाललीय एवढं बरोबर कळत होतं.

मॅच संपल्यावर कॅप्टन माझ्याकडे आला. वाळूने माखलेला, ओठ फुटलेला. म्हणाला, "अंकल, वी नीड टु प्ले देम एव्हरी वीक." तिथे मला खात्री पटली की हा खरा कॅप्टन. सात गोल खाऊन जो परत यायचं म्हणतो, तो टीम करतो.

मी फोरमनकडे बोलणी केली. दर जुम्म्याला यायचं, पोरांना तुडवायचं, घडवायचं, कॉलेजांची स्पर्धा संपेपर्यंत. बदल्यात काय? मी जर्सी देऊ केल्या. चहा-समोसे देऊ केले. फोरमन मान हलवत राहिला. त्याचा डाव मला ओळखीचा होता. ज्याला काहीतरी नक्की पाहिजे असतं तो आधी सगळं नको म्हणतो.

"मग काय पाहिजे ते सांगा तरी."

त्याने मागे वळून आपल्या लोकांकडे पाहिलं. मग म्हणाला, "आमका एक दिवस गवतार खेळूक होया. खऱ्या मैदानात. लोक बसलेले होये. कॉलेजान आमका बोलवूक होया."

एवढंच. मी तिथेच कॅप्टनला सांगितलं. त्याने एक क्षणही घेतला नाही. "डन, अंकल. आफ्टर द सीझन वी हॅव अवर स्पोर्ट्स डे, ऊद मेथा, दुबई, ग्रास ग्राउंड. वी विल हॅव ॲन एक्झिबिशन मॅच. कॉलेज व्हर्सेस हमरिया. प्रॉमिस."

"सरांना विचारायला नको?"

"आय ॲम द कॅप्टन, अंकल."

दुकानात मी कधी कुणा सेल्समनच्या शब्दावर माल सोडला नाही. "मुदीरला बोलव," म्हणजे मॅनेजरला, हे माझं पहिलं वाक्य असायचं. पण इथे मी कोल्हापूरचा झालो. आमच्याकडे कॅप्टन मिसरूड न फुटलेला असला तरी त्याने दिलेला शब्द पेठेचा असतो. म्हातारे कुरकुरतील, पण मोडणार नाहीत. कॅप्टनने हात पुढे केला, मी तो धरला. मग वळलो आणि माझा तोच हात फोरमनच्या हातात दिला. "खलास," मी म्हणालो, इथल्या बोलीत सौदा पक्का. "खलास," तो म्हणाला.

त्या हिवाळ्यात माझे सगळे जुम्मे हमरियाला गेले. पिकअपमध्ये मागे पोरं, पुढे बर्फाचा डबा. बायको म्हणायची, "घरी दोन पोरं आहेत, ती कुणाची?" माझी पोरं मात्र खूश होती, कारण मी घरी नसलो की टीव्ही त्यांचा.

यार्डवाल्यांनी पोरांना दया दाखवली नाही. तेच तर पाहिजे होतं. त्यांच्यातला एक क्रेनवाला आमच्या गोलीला अगदी जवळून बॉल मारायचा आणि गोली घाबरून वाकला की त्याची आई कशी लाडाने भरवते त्याची नक्कल करायचा. फोरमनने कॅप्टनला पेनल्टी शिकवली. "तू आधी हलू नको. तेका हलू दे. जो आधी हलता तो मेलो." कॅप्टन ते इंग्रजीत घोकायचा. रमजानमध्ये सामने थांबले, पण आमचा जुम्मा थांबला नाही. उपवासवाले कडेला बसून बोलायचे, बाकीचे खेळायचे.

स्पर्धेतले पहिले सामने हरलो. मग वाळूचा हिशेब लागू पडायला लागला. ज्यांनी रुतत्या वाळूत दोन महिने पळून काढले, त्यांना साधं मैदान म्हणजे उतारावरची सायकल. मोठ्या, जुन्या कॉलेजांच्या टीमा दुसऱ्या हाफमध्ये कंबरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि आमची पोरं अजून पळत असायची. टीमबरोबर कॉलेजचे एक सर असायचे. मूळचे गणिताचे, उत्तरेकडचे, खेळाचं खातं त्यांच्या गळ्यात मारलेलं. सेमीफायनलपर्यंत ते गाडीत बसून पेपर वाचायचे. सेमीफायनल जिंकल्यावर गाडीतून उतरले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. मला तेव्हाच समजायला हवं होतं. नफा दिसला की भागीदार गाडीतून उतरतो.

फायनल बरोबरीत सुटली, पेनल्टीवर आली. शेवटची कॅप्टनची. तो बॉलसमोर उभा राहिला आणि थांबला. एवढा थांबला की रेफरी शिट्टीकडे हात न्यायला लागला. समोरचा गोली डावीकडे झुकला आणि कॅप्टनने बॉल उजवीकडे नुसता सारला. पहिल्याच सीझनला कप. पोरं माझ्या अंगावर पडली, माझा चष्मा गेला. कॅप्टन माझ्या कानात ओरडत होता, "धिस इज युवर्स, अंकल! युवर्स!"

त्या जुम्म्याला कप घेऊन आम्ही हमरियाला गेलो. यार्डवाल्यांनी त्यात काळा चहा ओतला आणि एकेकाने घोट घेतला. फोरमनने आधी कप वर उचलून खालचं वेल्डिंग पाहिलं, "कच्चा आसा," म्हणाला, आणि सगळे खदखदून हसले. मग त्याने चहा प्यायला, कप कॅप्टनच्या हातात दिला आणि विचारलं, "आता गवत?"

"ऑफ कोर्स," कॅप्टन म्हणाला. त्याने कपातला उरलेला चहा पिऊन टाकला.

स्पोर्ट्स डेच्या आधीचा आठवडा यार्डात नुसती धामधूम. स्पोर्ट्स डेच्या जुम्म्याला काहींना ओव्हरटाइम होता. त्यांनी ड्यूट्या बदलून घेतल्या. फोरमनने कॅम्प बॉसला सांगून बस मिळवली. जर्सी मी करून दिल्या, पांढऱ्या, मागे निळे नंबर. अनवाणी खेळणाऱ्यांनी कुणाकुणाचे बूट उसने आणले. रॉड घेऊन गेलो तेव्हा क्रेनवाला ऑफिसच्या सिमेंटच्या फरशीवर ते बूट घालून चालायची सवय करत होता, नव्या नवरीसारखा.

त्या दिवशी मी बसच्या आधी पोहोचलो होतो. ऊद मेथाचं ते मैदान खरोखर हिरवं होतं, नुकतंच पाणी दिलेलं. एका बाजूला शामियाना, आईवडील बसलेले, माइकवर गाणी. बस गेटाशी आली. यार्डवाले उतरले, जर्सी घालूनच आले होते. भांग पाडलेले, एकाने अत्तर लावलेलं. गेटावरच्या गार्डने हात आडवा केला. "कॉलेज का आदमी बुलाओ."

मी आत गेलो. मैदानावर निळ्या जर्सीतले काही मध्यमवयीन लोक वॉर्मअप करत होते, पोटं सावरत. ज्या बँकेने कॉलेजच्या कार्यक्रमाला जाहिरात दिली होती तिच्या ऑफिसातले. कॅप्टन त्यांना बॉल टाकत होता.

"हे कोण?"

"अंकल, ॲक्चुअली... द एक्झिबिशन मॅच इज विथ देम. मॅनेजमेंट डिसायडेड. पेरेंट्स आर हिअर, लेडीज आर हिअर. अ लेबर कॅम्प बस कमिंग इन... यू नो."

"कधी ठरवलं?"

तो बूट बघायला लागला.

"कधी ठरवलं, विचारतोय."

"द डे आफ्टर द फायनल."

म्हणजे चहा प्यायला तेव्हा त्याला माहीत होतं. कपातून चहा पिताना, "ऑफ कोर्स" म्हणताना माहीत होतं. माझं डोकं फिरलं. मी त्याचा दंड धरला आणि त्याला तसाच गेटाकडे ओढत नेला. शामियान्यातले लोक उठून बघायला लागले. सर धावत आले.

गेटाच्या गजांच्या पलीकडे यार्डवाले रांगेत उभे होते, अलीकडे आम्ही तिघे. मी म्हणालो, "सर, गेट उघडायला सांगा. यांना मॅचसाठी बोलावलंय."

"किसने बुलाया?" सरांनी त्या पांढऱ्या जर्सींवरून एकदा नजर फिरवली. "आपको किसने बोला था प्रॉमिस करने को? आप कॉलेज के कौन होते हैं?"

"मी नाही, तुमच्या कॅप्टनने शब्द दिलाय. विचारा त्याला. सगळ्यांसमोर विचारा."

सर त्याच्याकडे वळले. "तुमने प्रॉमिस किया था?"

कॅप्टनने एकदा शामियान्याकडे पाहिलं. तिथे त्याचे वडील उभे राहिले होते.

"नो, सर," तो म्हणाला. "अंकलच म्हणाले होते."

मराठीत म्हणाला. एवढ्या महिन्यांत त्याने पहिलं अख्खं वाक्य मराठीत काढलं, ते हे.

मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. कोल्हापुरी होतं आणि माइकपर्यंत पोहोचलं असावं, कारण कुणीतरी गाण्याचा आवाज वाढवला. गार्डने मला धरलं. कॅप्टन मागे मागे सरकत निघून गेला. पळालाही नाही, पळाला असता तर बरं वाटलं असतं.

मग मी गजाशी गेलो. फोरमनला म्हणालो, "तुम्ही होता ना तिथे? तुमच्या डोळ्यांदेखत त्याने हात दिला. सांगा ना यांना. खोटं बोलला तो."

"होय," फोरमन म्हणाला. "तो खोटा बोललो."

"मग?"

"पण शेटानू, तेचो हात आमी धरूक नाय. तुमचो धरलो."

रागाने नाही, साध्या आवाजात. वाळूवर भेटायचो तेव्हाचा पैलवान गेला होता, दुकानातला शेट उरला होता. क्रेनवाला तोवर बसच्या पायरीवर बसून उसने बूट काढत होता. एकाला आतलं गवत नीट दिसत नव्हतं, तो टाचा उंच करून बघत होता. दुसऱ्याने त्याला ओढून नेलं.

ते वाक्य मला आजही पटलेलं नाही. मला कुणी फसवलं नव्हतं काय? त्या पोराने शब्द मला दिला आणि मलाच खोटं पाडलं. कॉलेजने माझे जुम्मे वापरले, माझी गाडी वापरली, आणि विचारलं, तुम्ही कोण. फसलेल्या माणसाला फसलेल्यांच्या रांगेत उभं करायचं सोडून फोरमनने मला पलीकडच्या बाजूला ठेवलं. व्यापारात मी ही वागणूक कुणाला दिली नसती, असं मी स्वतःशी बरेचदा म्हणतो. मग आठवतं की मी नेमकी हीच वागणूक देत आलो. माल खराब निघाला की कंपनी कुठली, कंटेनर कुणाचा, हे मी कधी ऐकून घेतलं नाही. ज्याने माझ्या हातात हात दिला त्याची कॉलर धरली. तरीही पटत नाही.

त्या आठवड्यात मी दुबईत फिरून एक गवताचं मैदान ठरवलं. घासाघीस करून, संध्याकाळच्या वेळेचं, दिव्यांसकट. यार्डात जाऊन फोरमनला सांगितलं. हेल्मेट काढून त्याने ऐकून घेतलं.

"इकत घेतलेला गवत नको आमका," तो म्हणाला. "कॉलेजान बोलवल्यान आसता तर गोष्ट वेगळी."

"मी बोलावतोय की!"

"तुमी आमचे गिऱ्हाईक शेटानू, आमी तुमचे. ता चालू ऱ्हवांदे."

ते चालू राहिलं. रॉड जात राहिले, तो मोजून घेत राहिला, चहा पाजत राहिला. जुम्म्याला मात्र मला कुणी बोलावलं नाही आणि मीही गेलो नाही. एकदा माल उतरवताना मागे नजर गेली. गोलपोस्टला त्यांनी नवा रंग दिला होता, जर्सीतल्या निळ्यासारखा. पांढऱ्या जर्सी मात्र मी कुणाच्या अंगावर पाहिल्या नाहीत. पुढे फोरमनचा व्हिसा संपला आणि तो गावाला गेला. जायच्या आधी दुकानात येऊन नमस्कार करून गेला. त्या मॅचबद्दल अवाक्षर काढलं नाही. मी वाट बघत होतो.

कॅप्टन भेटला तो काही वर्षांनी, दुबई मरीनात. तेव्हा तिथे नुसत्या क्रेन आणि खड्डे होते, आणि दर महिन्याला एक टॉवर वर यायचा. माझा धंदाही तोवर वाढला होता. काच बसवायला लागणारे बोल्ट आणि अँकर मी टॉवरवाल्यांना देत होतो. एका कॉन्ट्रॅक्टरच्या खरेदी खात्याने बोलावलं. पोर्टा केबिनमध्ये शिरलो तर टेबलापलीकडे तो. केस कपाळावरून मागे सरकले होते.

"अंकल! ओ माय गॉड!" त्याने येऊन मला मिठीच मारली. शेजारच्या मुलीला सांगितलं, "ही मेड अवर टीम. लिटरली." खणातून एक फोटो काढला. कप, पोरं, मधोमध तो. कडेला अर्धा मी, हात हवेत.

मग भावावर आला. "अंकल, ओल्ड टाइम्स सेक. स्पेशल प्राइस."

मी म्हणालो, "हमरियावाल्यांना विसरलास काय रे?"

"हू?"

"ज्यांनी तुला पेनल्टी शिकवली ते."

तो खरंच आठवत होता. कपाळाला आठ्या घालून. नाटक असतं तर मला कळलं असतं. माझा सगळा धंदाच त्या ओळखण्यावर चालतो. "ओह, दोज गाइज!" तो म्हणाला. "विथ द सँड! दे वेअर सो फनी, अंकल. आपण त्यांच्याशी कधी ग्रासवर खेळलो का?"

माझ्या मनात गेटावरचं भांडण तयार होतं. इतकी वर्षं आंघोळ करताना, गाडी चालवताना, नमाजाच्या वेळी शटर अर्धं ओढून बसताना मी ते रचत आलो होतो, शब्द न् शब्द. पण ते ऐकायला जो लागतो तो तिथे नव्हता. त्याला आठवतच नव्हतं की तो खोटं बोलला होता.

"नाही," मी म्हणालो. "खेळलो नाही."

"शुड डू इट समटाइम! यू अरेंज, अंकल."

मी भाव सांगितला, आणि एका फिल्सनेही खाली आलो नाही. त्याने हसून पाहिलं, रुसून पाहिलं, दुसऱ्याचं कोटेशन दाखवून पाहिलं. मी टेबलावरच्या फोटोतल्या माझ्या अर्ध्या अंगाकडे बघत बसलो. शेवटी त्याने मान्य केलं. त्याला माल आठवड्यात हवा होता आणि तेवढ्या लवकर देणारा माझ्याशिवाय कुणी नव्हता, हे मला आत शिरायच्या आधीच माहीत होतं.

"ओके, ओके. यू विन. डील?" त्याने टेबलावरून हात पुढे केला.

मी खिशातून गाडीची किल्ली काढली, ती उजव्या हातात धरली आणि उभा राहिलो.

"मुदीरची सही घेऊन ऑर्डर पाठव," मी म्हणालो. "मग माल निघेल."